कादंबरीतली चुकलेली मालवणी

माझ्या मुलीने मोबाईलवर ते ॲप टाकून दिलं, तेव्हा मी तिला आधीच बजावलं होतं की मला काही वाचायला लावू नकोस. मालवणात बंदरापासून जरा आत आमची खानावळ होती. दिवसभर शेगडीपुढे उभं राहिल्यावर संध्याकाळी पेपर वाचण्याइतकंही त्राण डोळ्यांत उरत नसे. ती म्हणाली, "आई, वाचायचं नाहीच आहे. कोणीतरी वाचून दाखवणार, तू फक्त ऐकायचं." पुण्याला परत जाताना तिने माझ्या एका कानात इअरफोन अडकवला. दुसरा कान मोकळा ठेवला, कोणी भात मागितला तर ऐकू यावं म्हणून.

ॲप उघडलं की सगळ्यात वर प्रेमकथा दिसायच्या. खाली चरित्रं, इतिहास, आरोग्य वगैरे होतं म्हणे, पण तिथपर्यंत बोट न्यायला माझे हात कधी कोरडे नसत. म्हणून वरची पहिली लावली, ती संपली की तिच्या शेजारची. असं करत मी एका हिवाळ्यात इतक्या प्रेमकथा ऐकल्या की नायक पहिल्यांदा तोंड उघडतो न उघडतो तोच त्याचं पुढे काय होणार हे मी आमसुलं भिजत घालता घालता सांगितलं असतं. सगळ्या नायकांना दाढी. सगळ्यांच्या मागच्या आयुष्यात काहीतरी मोठं दुःख, आणि ते सांगायला त्यांना गोष्ट संपत यावी लागते. नायिका पुण्याची नाहीतर मुंबईची, मोठ्या पगाराची, आणि तिला साधा चहा करता येत नाही ह्याचं सगळ्यांना कौतुक. मी चिडायचे. सुरमईला मसाला लावता लावता "अगो, सरळ विचार मां तेका!" असं मोठ्याने बोलून जायचे आणि बाहेर जेवायला बसलेली माणसं दचकायची.

तरी ऐकणं सुटलं नाही, ते त्या आवाजामुळे. बऱ्याचशा कादंबऱ्या एकच बाई वाचायच्या. कोण, कुठल्या, मला माहीत नाही. सुरुवातीला नाव सांगतात, पण तेव्हा मी नेमकी कांदा परतत असायची. आवाज जरासा बसका होता. नायक जवळ आला की त्या हळू व्हायच्या आणि दोन वाक्यांच्या मध्ये थांबायच्या. छापलेल्या पुस्तकात नको वाटलं तर पान उलटता येतं. इथे बाई थांबल्या की आपणही थांबतो, त्यांनी घेतलेला श्वास आपल्या कानात येतो. "मला तू हवी आहेस" हे वाक्य मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कानाने ऐकलं. तेही बांगडे साफ करताना, आणि तेही एका परक्या बाईकडून. मला आधी हसू आलं, मग तोच बांगडा मी दोनदा धुतला.

आमच्या घरात असलं कोणी बोलत नसे. हे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. बंदरावर इंजिन धडधडत असतानाही ह्यांचा आवाज ऐकू यायचा, पण घरात आले की तोच माणूस चार शब्दांत दिवस काढायचा. माझं नाव ह्यांनी कधी घेतलं नाही आणि ह्यांचं मी घेतलं नाही, आमच्या पिढीत ते तसंच होतं. मला हाक मारायची तर "गो". "गो, आडाळो खंय आसा?" म्हणजे विळी कुठे ठेवलीस. संपलं बोलणं. फक्त एका गोष्टीवर ह्यांची जीभ घरातही सुटायची. कोणी मोडकी मालवणी बोललं की ह्यांना ते सहन होत नसे. पुण्याला गेल्यापासून मुलीच्या बोलण्यात घाटावरची मराठी मिसळू लागली होती. फोनवर ती "बाबा, मासा मिळाला?" म्हणाली की हे आधी "मासो! मिळालो!" असं खेकसायचे आणि मग तिची चौकशी करायचे. ती मुद्दाम चुकायची.

शिमगा होऊन थोडे दिवस झाले होते. हे जेवायला बसले, घास उचलला आणि हात तसाच राहिला. ॲम्ब्युलन्सने फोंडाघाट चढून कोल्हापूरला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली होती, ती व्यायामाने हळूहळू हलू लागली. वाचा मात्र गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. आता ह्यांच्या तोंडून एक "अं" तेवढा निघायचा. पाणी हवं तरी अं, उठायचं तरी अं, डोळे भरून आले तरी अं.

घरी आल्यावर कुडाळला एका तरुण स्पीच थेरपिस्टकडे नेऊ लागलो. आम्ही तिला मॅडम म्हणत असू. पोर फार चांगली होती, घाई करायची नाही आणि खोटी आशाही दाखवायची नाही. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, जे परत यायचं ते बहुतेक त्यांतच येतं, पुढे कमी होत जातं. ह्यांच्याशी बोलत राहा. सावकाश बोला. ह्यांचा शब्द अडला तर तुम्ही पुरा करू नका, वाट बघा. भाषा सतत कानावर पडली पाहिजे. मी खानावळ बंद केली. ह्यांच्या तोंडून एक तरी शब्द ऐकायचा, ह्यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. कुठलाही चालला असता. "गो" आला असता तर मी देवाकडे दुसरं काही मागितलं नसतं.

पण बोलत राहा म्हणजे काय बोलत राहा? पेज हाडू? पंखो लावू? ऊन लागता? एवढं झालं की माझा खजिना रिकामा. इतकी वर्षं एका घरात काढली आणि दोन दिवसांत बोलायचं संपलं, ह्याचा मला राग आला. ह्यांचाही आला आणि माझाही. शेवटी मी मोबाईलमधून इअरफोन उपटून काढला, आवाज मोठा व्हावा म्हणून फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा केला, डबा ह्यांच्या खुर्चीपुढे ठेवला आणि प्रेमकथा लावली. भाषाच कानावर पडायची ना, मग पडू दे.

मॅडमनी सावकाश सांगितलं होतं म्हणून मी वाचनाचा वेग कमी केला. त्याने तो नायक माडी पिऊन बसल्यासारखा बोलू लागला. "मी... तुझ्या... शिवाय..." होईपर्यंत माझी भाकरी थापून व्हायची. ह्यांनी डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं. मी वेग होता तसा केला. दुखण्यानंतर ह्यांनी मला स्वतःहून काही सांगितलं असं ते पहिलंच, आणि ते एका पुण्याच्या नायकाबद्दल होतं.

आमच्या शेजारी भाभी राहतात. त्यांच्या घरचा सुक्या मासळीचा व्यापार आहे. कुंपणापलीकडे सुंगटं वाळत घालताना गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ लागली. आधी त्या कुंपणाशी उभ्या राहून ऐकायच्या, मग आत आल्या आणि ओटीवरच बसल्या. "ह्याच वेळेक लाव गो रोज," म्हणाल्या, "माझी कामा आटपली काय मी येतंय." आणि खरंच रोज दुपारी येऊ लागल्या. आल्या की पहिला प्रश्न, "गोष्ट खंयसर इली होती?" नायकाने तोंड उघडायला उशीर केला की माझ्याआधी त्याच त्याला "सांगून टाक मां रे मेल्या" म्हणून दम भरायच्या. घरात पुन्हा बोलणं चालू झालं. फक्त खुर्चीतून काही यायचं नाही.

एकदा त्या गोष्टीतली दोघं वादळात अडकून कुठल्याशा रिकाम्या बंगल्यात शिरली आणि वाचणाऱ्या बाईंचा आवाज खाली उतरला. पुढे काय येणार ते मी ओळखलं. फोनकडे धावले, पण हात नारळाच्या रसाने भरलेले, ओल्या बोटांना तो फोन दाद देईना. बाई आपल्या वाचतायत, थांबतायत, परत वाचतायत. भाभींनी ओढणी तोंडाला लावली. ह्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि बघितलं. हे मान खाली घालून बसले होते आणि ह्यांचे कान लाल झाले होते. भाभी म्हणाल्या, "ऱ्हवांदे गो. आमी काय लहान आसांव?" मग मी हात पुसले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

भाभी गेल्यावर मी ह्यांच्या उजव्या हाताला तेल लावायला बसले. रोजचंच काम, पण त्या दिवशी तेल जिरल्यावरही मी हात सोडला नाही. आमच्यात असं हात धरणं कधी नव्हतं. ताट द्यायचं, पिशवी घ्यायची, तेवढ्यापुरते हात एकमेकांना लागायचे. तो जड, गरम हात मांडीवर घेऊन बसले असताना माझ्या मनात आलं, ह्या माणसाला माझ्याबद्दल काय वाटत होतं हे मला ठाऊकच नाही. हा माणूस वाईट वागला नाही, कधी हात उगारला नाही. मोठा टोप उतरवायचा असला तर न सांगता मागे येऊन उभा राहायचा. पण वाटत काय होतं? आता वाचा परत आली नाही तर ते मला कधीच कळायचं नाही. मी घाबरले. ह्यांना कोल्हापूरला नेताना घाटातही मी इतकी घाबरले नव्हते.

पावसाळा आला. होड्या वर ओढून झाकल्या गेल्या. हा काळ ह्यांच्या कामाच्या घाईचा. दर वर्षी आमचं अंगण इंजिनांच्या तुकड्यांनी भरलेलं असायचं. ह्या वर्षी दोघं-तिघं बंदरावरचे जुने लोक उगाच एखादा सुटा भाग घेऊन आले, ह्यांना बरं वाटावं म्हणून. बहिऱ्याशी बोलावं तसे ते ओरडून बोलत होते. ह्यांनी डाव्या हाताने दाखवलं काय करायचं ते, आणि ते बरोबर होतं. ते गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून बसले. मी गोष्ट लावली तर हाताने नको म्हणाले.

कुडाळला मॅडम चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप, छत्री, झाड. ह्यांची नजर चित्रावर जायची, ओठ हलायचे आणि अं. त्या खेपेला मॅडमनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की प्रयत्न चालू ठेवू, पण आता शब्द आला नाही तर खुणांची सवय लावायला हवी. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण परतताना एसटीत माझा तोल गेला. "बोला ओ एकदा!" मी ह्यांच्यावर ओरडले. "गाळी तरी घाला माका!" पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले आणि घर येईपर्यंत मी ह्यांच्या बाहीचं टोक धरून ठेवलं.

त्याच दिवसांत आम्ही एक नवी कादंबरी लावली होती आणि ती निघाली आमच्याकडची. नायिका पुण्याहून वडलांची जमीन विकायला येते. नायक दाढीवाला, समुद्राकाठी पाहुण्यांसाठी खोल्या चालवतो. माणसं सगळी भोळी, समुद्र सदा निळा, आणि जो तो उठून नायिकेला शहाळं देतो. भाभी आणि मी मनसोक्त हसलो. पण नायकाची आई मात्र लिहिणाऱ्याने बरी उभी केली होती. मुलगा भांडून मुंबईला निघून जातो, आणि ही म्हातारी त्या परक्या मुलीला घेऊन ओटीवर बसून राहते. शेवटच्या भागात फाटक वाजतं. आई उठते. आमच्या वाचणाऱ्या बाईंनी गळा असा काही भरून आणला आणि ती आई ओरडली, "माझा झील इला गो! झील इला माझा!"

आता जे आमच्याकडचे नाहीत त्यांना हे सांगायला हवं. झील म्हणजे मुलगा. पुस्तकी मराठीत तो "आला", तेव्हा कोणीतरी "आला"चं "इला" करून टाकलं आणि झाली मालवणी असं समजलं. पण मालवणीत पुरुष इलो, बाई इली, आणि इला म्हणायचं ते मांजराला, वासराला, नाहीतर चेडवाला. चेडू म्हणजे मुलगी. आम्ही मुलीला ती म्हणत नाही, ता म्हणतो. म्हणजे त्या माउलीचा दाढीवाला झील ऐन शेवटच्या भागात परकर नेसून उंबऱ्यावर उभा राहिला होता.

पण आवाज असा लागला होता की त्या क्षणी आम्हा दोघींना चूक कळली नाही. भाभी डोळे पुसत होत्या, माझंही पीठ मळायचं थांबलं होतं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "इलो."

मला वाटलं फोनच बोलला. मग बघितलं. हे खुर्चीत पुढे वाकले होते, कपाळावरची शीर तटतटली होती आणि नजर त्या स्टीलच्या डब्यावर रोखलेली होती. "झील," हे म्हणाले. मग काही नाही. शब्द पुरा करायचा नाही, वाट बघायची, असं सांगितलेलं होतं. मी जीभ दातांखाली धरली. गोष्ट पुढे चालली होती, नायिका धावत सुटली होती, भाभींनी हात लांबवून फोन बंद केला. "झील... इलो!" ह्यांना राग आला होता. बंदरावर कोणी चुकीचा नट पिळत बसला की यायचा तसलाच राग.

मी पिठाच्या हातांनी ह्यांच्या पायांशी बसले आणि रडले. भाभींनी डबा उचलून तोंडाजवळ धरला आणि त्यात ओरडल्या, "आयकलंस गो बाये? इलो! झील इलो!" जसं काही त्या बाईंना तिकडे ऐकू जाणार होतं.

त्यानंतर मी ह्यांना किती विनवलं. पाणी म्हणा. गो म्हणा. अं. मी परत तो भाग लावला, म्हातारी ओरडली, आणि खुर्चीतून आलं, "इलो." परत लावला, परत आलं. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. म्हणाल्या, असं होतं कधी कधी. ठरवून शब्द काढायला गेलं की येत नाही, पण चूक कानाला टोचली की आतून आपोआप येतो. टोचत राहा.

तेव्हापासून आमच्या घरात कोणी धड मालवणी बोललं नाही. मी वाटी घेऊन जायचे आणि सांगायचे, "पेज झालो." जरा वेळ जायचा, मग यायचं, "झाली." "पावस थांबली." "थांबलो." भाभी कुंपणावरून हाक मारायच्या, "दादानू, तुमची बांगडो इली!" "इलो!" त्यांना ह्यात इतकी गोडी लागली की त्या घरीही तसंच बोलू लागल्या आणि त्यांच्या नवऱ्याने मला येऊन विचारलं, हे काय चाललंय. कोकणात घडणाऱ्या प्रेमकथा आम्ही शोधून शोधून लावल्या, कारण त्यांत चुका खात्रीने सापडायच्या. अशा कथा बऱ्याच निघाल्या. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो.

चतुर्थीला मुलगी आली. तिला फोनवर सांगितलेलं होतं, तरी ती फाटकातून आत येताना मी ओटीवरून "चेडू इलो!" अशी आरोळी दिली तेव्हा ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. आतून ठसक्यात आलं, "इला!" पोरीच्या हातातली बॅग गळून पडली. सगळे दिवस ती बापाशी वाकडंतिकडं बोलत बसली आणि हे तिला दुरुस्त करत बसले. बाप-लेकीचं जुनंच होतं ते. जाताना ती मला म्हणाली, "आई, बाबा बरे होणार ना गं?" मी हो म्हटलं.

खरं काय ते मला दिसत होतं. मी चुकले तर हे बोलायचे, मी गप्प बसले की हे गप्प. स्वतःहून एक शब्द नाही. गो नाहीच. मॅडमनी सांगितलेले महिने सरले होते आणि जे आलं होतं ते एवढंच, क्रियापदांची शेपटं. मिळालं ते थोडं नव्हतं हे मला कळत होतं. पण मला जे ऐकायचं होतं ते चुका करून विचारण्यासारखं नव्हतं. दुपारी बसक्या आवाजात कोणीतरी कोणाला तरी मनातलं सगळं सांगून टाकायचं, आणि मी कुळीथ पाखडत ऐकायचे. हल्ली मी चिडत नसे. ज्याला बोलता येतं त्याने बोलून घ्यावं, असं वाटायचं.

पुढे सावंतवाडीला माझ्या बहिणीकडे कार्य निघालं. ह्यांच्या दुखण्यानंतर मी दिवसभर घराबाहेर कधी राहिले नव्हते. भाभींनी मला जवळजवळ ढकलूनच पाठवलं, मी बसतंय दादांकडे म्हणाल्या. ऊन उतरायच्या सुमाराला मी परत आले. फाटकाशीच हे दिसले. खुर्ची ओटीच्या कडेला आणून ठेवलेली, हे रस्त्याकडे तोंड करून. भाभी नंतर म्हणाल्या की जेवणानंतर ह्यांनी डाव्या हाताने ओढत ती तिथे नेली आणि गोष्टही लावू दिली नाही.

मला बघून भाभी नेहमीच्या खेळातलं ओरडल्या, "दादानू, बगा, तुमची बायल इलो!"

हे माझ्याकडे बघत होते. "इला," म्हणाले.

भाभी हसल्या. "इला न्हय, दादानू. इली. बायल इली."

ह्यांनी मान हलवली. खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. तोंड वाकडं झालं, शीर उठली, आणि मी पायरीखाली पिशवी हातात धरून वाट बघत राहिले. "ता," हे म्हणाले. "ता... इला."

"आज चुकले गो," भाभी मला हळूच म्हणाल्या. "दमले असतले."

मी पिशवी खाली ठेवून पायरीवर बसले. लग्न होऊन आले तेव्हा मी विशीत होते. माहेराहून परतले की हे ह्याच ओटीवरून आत आपल्या आईला सांगायचे, ता इला. तरण्या बायकोला आमच्याकडे तसंच म्हणतात, चेडवासारखं. मग मुलगी झाली, खानावळ झाली, अंग सुटलं, आणि कधीतरी मी "ता"ची "ती" झाले. ती इली, ती बाजारात गेली, तिका विचार. केव्हा झाले ते आठवत नाही. सगळ्याच बायका होतात, त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

"दादानू, इली म्हणा," भाभी परत म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला आणि राहू दे म्हटलं. मला जे कळायचं होतं ते कळलं होतं.

पुढच्या खेपेला कुडाळला मॅडमनी वही उघडून नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, जेवतात कसे, नवीन काही शब्द आला का. मग म्हणाल्या, "दुरुस्त करताना यांचं स्वतःचं कधी चुकतं का? बाईला पुरुषासारखं, मोठ्याला लहानासारखं, असं काही? चुकत असेल तर मला सांगायला हवं."

हे माझ्या शेजारी बसून ऐकत होते.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही चुकले नाहीत."